मातृत्वाची साठवण : अपरिपक्व स्त्रीबीजे गोठवण्याचे शास्त्र

मंगळवेढा म्हटले की दोन गोष्टी चटकन आठवतात. एक म्हणजे दामाजीपंतांनी दुष्काळात भुकेल्या रयतेसाठी खुली केलेली बादशाही धान्यकोठारे आणि दुसरी येथील काळ्या कसदार जमिनीत पिकणारी मालदांडी ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. धान्य कसे साठवावे हे या मुलखाला कोणी शिकवायला नको. कणीस पूर्ण भरले, दाणा कडक वाळला, की तो पूर्वी पेवात आणि आता पोत्यात किंवा कणगीत दीर्घकाळ टिकतो. हुरडा मात्र ताजा असतानाच खाऊन संपवायचा असतो. कोवळ्या, ओल्या दाण्याची साठवण होत नाही.

स्त्रीच्या शरीरातील बीजांबाबत प्रजननशास्त्रापुढे गेली काही दशके असाच एक प्रश्न उभा आहे. पूर्ण वाढलेले, परिपक्व स्त्रीबीज गोठवून ठेवण्याचे तंत्र आता जगभर रुळले आहे. पण बीज अद्याप कोवळे असेल आणि ते पिकण्याची वाट पाहण्याइतका वेळच हाती नसेल तर काय करायचे? हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेतील कुतूहलाचा नाही. ऐन तारुण्यात कर्करोगाचे निदान झालेल्या अनेक स्त्रियांचे मातृत्व त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

निदान आणि उपचार यांमधील दिवस

समजा, मंगळवेढा तालुक्यातील एखाद्या गावच्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या विवाहितेला स्तनात गाठ लागली. तालुक्याच्या डॉक्टरांनी सोलापूरला पाठवले, तपासणीसाठी तुकडा काढला गेला आणि कर्करोग असल्याचे कळले. घरावर आभाळ कोसळते. जीव वाचणे हेच त्या क्षणी सर्वांचे एकमेव ध्येय असते आणि ते योग्यही आहे. काही आठवड्यांतच केमोथेरपीची पहिली सलाइन लागते. तिला अजून मूल नाही किंवा दुसरे मूल हवे आहे, हा विषय त्या धावपळीत कोणी काढत नाही. डॉक्टरांना वाटते कुटुंबीय विचारतील, कुटुंबीयांना वाटते असे विचारणे बरे दिसणार नाही. उपचार यशस्वी होतात, दोन-तीन वर्षे लोटतात आणि मग लक्षात येते, की पाळी कायमची थांबली आहे.

कर्करोग हा केवळ शहरी आजार आहे, हा समज सोलापूर जिल्ह्यानेच पूर्वी खोडून काढला. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांमधील रुग्णांची नोंद तेथे पद्धतशीरपणे होऊ लागली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय या कामाचे केंद्र ठरले. ग्रामीण स्त्रियांचे कर्करोग लवकर ओळखले जावेत, यासाठी या भागात झालेल्या कामाची दखल जगाने घेतली. आजार लवकर ओळखला, की रुग्ण बरी होऊन पुढे दीर्घ आयुष्य जगण्याची शक्यता वाढते. म्हणूनच तिच्या पुढच्या आयुष्याचा, त्यात मातृत्वाचाही, विचार उपचारांच्या आधीच होणे अगत्याचे ठरते.

जन्मासोबत मिळालेली शिदोरी

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. स्त्रीचे तसे नाही. मुलगी आईच्या पोटात साधारण पाच महिन्यांची असते, तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजे असतात. जन्माच्या वेळी ती १० ते २० लाखांवर येतात आणि वयात येईपर्यंत तीन-चार लाखच उरतात. संपूर्ण प्रजननकाळात त्यांतील जेमतेम चारशे-साडेचारशे बीजे परिपक्व होऊन बाहेर पडतात. बाकीची आपोआप विरून जातात. या साठ्यात नवी भर पडत नाही, असेच आजवरचे शास्त्र सांगते.

या बीजांचे वैशिष्ट्य असे, की ती सर्व अर्धवट अवस्थेत थांबलेली असतात. पेशीविभाजनाची जी प्रक्रिया गर्भावस्थेत सुरू झाली, ती मध्येच थबकते आणि पुढे पंधरा, वीस, कधी चाळीस वर्षेही तशीच राहते. दर महिन्याला काही बीजे वाढीला लागतात. त्यांच्याभोवती द्रवाने भरलेली एक पुटिका तयार होते. डॉक्टर सोनोग्राफीत जिला ‘फॉलिकल’ म्हणतात ती हीच. या स्पर्धेत सामान्यतः एकच पुटिका पुढे जाते. मेंदूतील पीयूषिका ग्रंथीकडून संप्रेरकाचा मोठा झोत आला, की त्या पुटिकेतील बीजाचे थांबलेले विभाजन पुन्हा सुरू होते, निम्मी गुणसूत्रे बाजूला टाकली जातात आणि बीज फलनक्षम बनते. यालाच परिपक्व स्त्रीबीज म्हणतात. त्याआधीचे सारे अपरिपक्व.

केमोथेरपीतील काही औषधे, विशेषतः सायक्लोफॉस्फमाइडसारखी, या साठ्यावर घाला घालतात. अंडाशयावर पडणारे किरण तर त्याहूनही घातक ठरू शकतात. दोन ग्रेपेक्षा कमी मात्रेनेही अपरिपक्व बीजांपैकी निम्मी नष्ट होतात, असे अभ्यासात आढळले आहे. रुग्णाचे वय जितके अधिक, शिल्लक साठा जितका कमी, तितका धोका मोठा. शिवाय स्तनाच्या काही कर्करोगांत केमोथेरपीनंतर पाच ते दहा वर्षे संप्रेरकविरोधी गोळ्या घ्याव्या लागतात. म्हणजे औषधांनी साठा घटतोच, पण वाट पाहण्यातही वर्षे जातात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात मात्र दिलासादायक बाब समोर आली. अशा निवडक रुग्णांनी गर्भधारणेसाठी या गोळ्या तात्पुरत्या थांबवल्या, तरी नजीकच्या काळात रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. आई होण्याची इच्छा अशा स्त्रीने सोडून द्यावी, असे वैद्यक आता म्हणत नाही.

पाणी हाच शत्रू

बीज गोठवणे एवढे अवघड का, याचे उत्तर धान्याच्या कोठारातच सापडते. साठवणुकीचा शत्रू ओल असते. स्त्रीबीज ही मानवी शरीरातील सर्वांत मोठी पेशी. तिचा व्यास मिलिमीटरच्या सुमारे दहाव्या भागाइतका असतो आणि तिच्यात पाणी भरपूर असते. तापमान शून्याखाली गेले, की या पाण्याचे बर्फाचे स्फटिक बनतात आणि त्यांच्या धारदार कडा पेशीला आतून फाडतात. शुक्राणू आकाराने अगदी लहान आणि कमी पाण्याचा, म्हणून तो तुलनेने सहज गोठवता येतो. ग्लिसरीन घातल्यास शुक्राणू गोठवूनही जिवंत राहतात, हे १९४९ मध्येच इंग्लंडमधील शास्त्रज्ञांना उमगले होते. स्त्रीबीजाबाबत तेवढे यश मिळायला पुढे जवळजवळ चार दशके जावी लागली. गोठवलेल्या परिपक्व स्त्रीबीजापासून पहिली गर्भधारणा झाल्याचे ऑस्ट्रेलियातील डॉ. क्रिस्टोफर चेन यांनी १९८६ मध्ये जाहीर केले.

त्या वेळी बीज हळूहळू थंड करण्याची पद्धत होती आणि तीत बरीच बीजे दगावत. पुढे ‘व्हिट्रिफिकेशन’ हे तंत्र आले. मराठीत त्याला काचीभवन म्हणता येईल. बीजातील बरेचसे पाणी काढून त्याजागी संरक्षक द्रव्ये भरायची आणि मग ते एकदम उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचे. तापमान मिनिटाला हजारो अंशांच्या वेगाने उतरत असल्याने बर्फाचा स्फटिक बनायला अवधीच मिळत नाही. सारा द्रव काचेसारखा घट्ट होतो. अशा रीतीने गोठवलेल्या बीजापासून पहिले मूल १९९९ मध्ये जन्मल्याची नोंद आहे. पुढे २००५ च्या सुमारास जपानमधील मासाशिगे कुवायामा यांनी अतिशय पातळ पट्टीवर बीज ठेवून गोठवण्याची पद्धत विकसित केली आणि हे तंत्र जगभर पसरले. अमेरिकेतील प्रजनन वैद्यक संस्थेने परिपक्व स्त्रीबीज गोठवण्यावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्का २०१२ मध्ये काढून टाकला.

महाराष्ट्र या वाटचालीत मागे नव्हता. कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून १९७८ मध्ये भारतातील पहिले नलिकाबाळ जन्मले, तेही गोठवलेल्या भ्रूणापासून. मात्र त्यांच्या हयातीत त्याला मान्यता मिळाली नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूच्या प्रयत्नांतून हर्षा चावडा हिचा जन्म झाला. शास्त्रीय नोंदी असलेले भारतातील ते पहिले ‘टेस्ट ट्यूब बेबी’ मानले गेले. पुढे मुखोपाध्याय यांच्या कार्याला न्याय मिळवून देण्यासाठी आनंद कुमार यांनीच पुढाकार घेतला, हे आवर्जून सांगायला हवे. २०१६ च्या जानेवारीत माजी विश्वसुंदरी डायना हेडन यांनी मुंबईत मुलीला जन्म दिला, तो आठ वर्षांपूर्वी गोठवून ठेवलेल्या स्त्रीबीजापासून. त्या बातमीमुळे स्त्रीबीज गोठवण्याचा विषय मराठी घरांतही चर्चेला आला.

आधी गोठवावे, की आधी पिकवावे?

परिपक्व बीजे मिळवायची तर स्त्रीला साधारण दहा ते चौदा दिवस संप्रेरकांची इंजेक्शने द्यावी लागतात. त्यामुळे एकाऐवजी अनेक पुटिका वाढतात. आता ही इंजेक्शने पाळीच्या कोणत्याही दिवशी सुरू करता येतात. स्तनाच्या कर्करोगात त्यांच्या जोडीला लेट्रोझोल हे औषध देऊन शरीरातील इस्ट्रोजेनची पातळी आटोक्यात ठेवली जाते. बहुतेक रुग्णांसाठी आजही हाच पहिला पर्याय आहे. मात्र काहींना तेवढे दिवस थांबणे परवडत नाही, तर काहींच्या बाबतीत डॉक्टरांना संप्रेरके देणेच नको असते. अशा वेळी अपरिपक्व बीजांकडे वळावे लागते.

अपरिपक्व बीज शरीराबाहेर पिकू शकते, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ग्रेगरी पिंकस यांनी १९३५ मध्ये सशाच्या बीजांवर हे दाखवून दिले होते. १९६५ मध्ये ब्रिटनचे रॉबर्ट एडवर्ड्स यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या अंडाशयांच्या तुकड्यांतून मानवी बीजे मिळवली आणि ती प्रयोगशाळेत परिपक्व व्हायला सुमारे ३६ तास लागतात हे शोधून काढले. पहिल्या नलिकाबाळाचे जनक म्हणून पुढे २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले ते याच एडवर्ड्स यांना. अशा पिकवलेल्या बीजापासून पहिली अपत्ये दक्षिण कोरियात १९९१ मध्ये जन्मली. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील अॅलन ट्राउन्सन यांनी ‘पीसीओएस’ म्हणजे अंडाशयात अनेक लहान पुटिका असलेल्या स्त्रियांसाठी हे तंत्र वापरून दाखवले. या तंत्राला ‘आयव्हीएम’ म्हणतात. मराठीत ‘प्रयोगशाळेतील बीजपक्वन’ असे म्हणता येईल.

येथे एक विचार कोणाच्याही मनात येईल. कोवळे बीज काढले, तसेच गोठवले आणि पुढे हवे तेव्हा बाहेर काढून पिकवले तर काय हरकत आहे? शास्त्राच्या दृष्टीने हा विचार आकर्षकही होता. परिपक्व बीजात गुणसूत्रे एका नाजूक धाग्यांच्या चात्यावर मांडलेली असतात. थंडीने ते धागे विस्कटण्याची भीती असते. कोवळ्या बीजात गुणसूत्रे अद्याप केंद्रकाच्या आवरणात सुरक्षित असतात. म्हणजे गोठवण्यासाठी कोवळे बीजच चांगले, असा तर्क मांडला गेला. १९९८ मध्ये अमेरिकेतील मायकेल टकर आणि सहकाऱ्यांनी कोवळेपणीच गोठवलेल्या आणि नंतर पिकवलेल्या बीजापासून मूल जन्माला आल्याची नोंद केली, तेव्हा या तर्काला आधारही मिळाला.

तथापि अनुभव वेगळा आला. कोवळ्या बीजाभोवती पोषक पेशींचा वेढा असतो. या पेशी अतिसूक्ष्म तंतूंनी बीजाशी जोडलेल्या असतात आणि त्या वाटेने बीजाला अन्न तसेच पिकण्याविषयीचे संदेश मिळतात. गोठवण्याच्या प्रक्रियेत ही नाळच तुटते. बीज जिवंत राहते, पण पुढे ते नीट पिकत नाही. त्यातील गुणसूत्रे सुरक्षित राहिली, तरी भ्रूणाच्या पहिल्या काही दिवसांना पुरेल अशी पेशीद्रवातील तयारी अपुरी राहते. म्हणूनच आज बहुतेक केंद्रे क्रम उलटा ठेवतात. कोवळी बीजे काढायची, पोषकद्रवात २४ ते ४८ तास ठेवून पिकवायची आणि जी पिकली तीच गोठवायची. हुरडा साठवायचा नाही. तो आधी पिकवायचा, हाच येथील व्यवहाराचा नियम ठरला आहे.

फ्रान्समधील एक जन्म

या पद्धतीची कसोटी लागली ती पॅरिसजवळील क्लामार येथील आंत्वान बेक्लेर रुग्णालयात. डॉ. मिकाएल ग्रिनबर्ग यांच्याकडे स्तनाच्या कर्करोगाचे निदान झालेली एक २९ वर्षांची स्त्री आली. तिच्या अंडाशयांत लहान पुटिका दिसत होत्या, पण संप्रेरके देऊन त्या वाढवण्यास लागणारा काळ आणि त्यातील संभाव्य धोका डॉक्टरांना पत्करायचा नव्हता. तेव्हा सात अपरिपक्व बीजे काढण्यात आली. दोन दिवसांत त्यांतील सहा प्रयोगशाळेत परिपक्व झाली आणि ती काचीभवन पद्धतीने गोठवली गेली. त्यानंतर तिची केमोथेरपी झाली.

पाच वर्षांनी ती बरी झाली होती, मात्र वर्षभर प्रयत्न करूनही तिला नैसर्गिकरीत्या दिवस गेले नाहीत. तेव्हा ती सहा बीजे बाहेर काढण्यात आली. सहाही टिकली, पाच फळली आणि त्यांतील एक भ्रूण गर्भाशयात सोडण्यात आला. ६ जुलै २०१९ रोजी तिने एका निरोगी मुलाला जन्म दिला. प्रयोगशाळेत पिकवून गोठवलेल्या बीजापासून कर्करोगाच्या रुग्णाला झालेले हे पहिले मूल असल्याचा वृत्तांत ‘अॅनल्स ऑफ ऑन्कॉलॉजी’ या नियतकालिकात २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी २०१४ मध्ये सिंगापूरच्या डॉक्टरांनी याच वाटेवरील आणखी एक यश नोंदवले होते. तेथे अंडाशयाचा कर्करोग झालेल्या स्त्रीचे अंडाशय शस्त्रक्रियेने काढल्यावर त्यातून बीजे मिळवण्यात आली, ती पिकवून फळवण्यात आली आणि गोठवलेल्या भ्रूणापासून तिला मूल झाले. २०२१ मध्ये अमेरिकेतील प्रजनन वैद्यक संस्थेने बीजपक्वनाच्या तंत्रावरील ‘प्रायोगिक’ हा शिक्काही काढला.

आशा आणि मर्यादा

या बातम्या वाचून हे तंत्र म्हणजे मातृत्वाची हमी, असा समज होऊ नये. प्रयोगशाळेत ठेवलेली सर्वच बीजे पिकत नाहीत. पिकलेली सर्वच फळत नाहीत आणि फळलेल्या प्रत्येक बीजाचा भ्रूण गर्भाशयात रुजत नाही. शरीरातच पूर्ण वाढलेल्या बीजांच्या तुलनेत या बीजांचे यश कमी आहे. व्हिएतनाममधील हो ची मिन्ह सिटी येथे ५४६ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून याचा अंदाज येतो. त्या स्त्रिया कर्करोगाच्या रुग्ण नव्हत्या. त्यांच्या अंडाशयांत पुटिकांची संख्या भरपूर होती. तरीही पहिल्या भ्रूणरोपणानंतर मूल होण्याचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ४३ टक्के, तर बीजपक्वनाच्या पद्धतीत ३५ टक्के आढळले. पिकवून पुन्हा गोठवलेल्या बीजांबाबत तर कर्करोगाच्या रुग्णांना झालेली अपत्ये अजून मोजकीच आहेत.

वयाचा प्रश्नही आहेच. पस्तिशीच्या आत साठवलेली बीजे अधिक उपयोगी ठरतात. चाळिशीजवळ बीजांची संख्या आणि प्रत दोन्ही उतरतात. गोठवण्याने वय थांबते ते बीजाचे, ज्या दिवशी ते टाकीत गेले त्या दिवसाचे. आधीचे गेलेले वय परत मिळत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे अंडाशयाचा तुकडाच गोठवून ठेवण्याचा. वयात न आलेल्या मुलींसाठी हाच मुख्य पर्याय आहे, कारण त्यांना संप्रेरके देऊन बीजे वाढवता येत नाहीत. गोठवलेला तुकडा पुन्हा शरीरात रोपण केल्यानंतर पहिले मूल बेल्जियममध्ये २००४ मध्ये जन्मले. पण रक्ताच्या कर्करोगात त्या तुकड्याबरोबर रोगाच्या पेशीही परत जाण्याची भीती असते. येथे अपरिपक्व बीजांचे महत्त्व पुन्हा वाढते. तो तुकडा तयार करताना त्यातील लहान पुटिकांतून कोवळी बीजे मिळू शकतात आणि ती पिकवून साठवली, तर पुढे केवळ बीज वापरता येते. रोगग्रस्त ऊती शरीरात परत घालावी लागत नाही.

संकोच, खर्च आणि कायदा

बीजे काढण्याची क्रिया साधारणतः योनिमार्गातून सोनोग्राफीच्या साह्याने, थोड्या भुलीखाली होते. अविवाहित मुलीच्या बाबतीत या कारणानेच घरचे मागे हटतात. पोटावरून किंवा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतूनही बीजे काढता येतात, हे त्यांना सांगितले जायला हवे. रक्ताच्या कर्करोगात बिंबिका कमी झाल्या असतील तर सुई टोचल्याने रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून निर्णय कर्करोगतज्ज्ञ आणि वंध्यत्वतज्ज्ञ या दोघांनी मिळूनच घ्यावा लागतो.

विवाहित स्त्रीपुढे आणखी एक निवड असते. पतीच्या शुक्राणूंनी बीज फळवून भ्रूण गोठवता येतो. भ्रूणाचे तंत्र अधिक जुने आणि अनुभवसिद्ध आहे. मात्र भ्रूण दोघांचा असतो आणि त्याच्या वापरासाठी दोघांची संमती लागते. बीज तिचे एकटीचे राहते. दीर्घ आजारात संसाराची घडी विस्कटल्याची उदाहरणे आपल्या समाजात कमी नाहीत. त्यामुळे हा निर्णय सासर-माहेरच्या बैठकीत होण्याआधी त्या स्त्रीशी एकांतात बोलून तिचे मत विचारले जाणे आवश्यक आहे.

कर्करोगाच्या उपचारांसाठी शासकीय योजनांचा आधार मिळू शकतो. बीजे साठवण्याचा खर्च मात्र सहसा कुटुंबालाच सोसावा लागतो आणि टाकीतील साठवणुकीचे वार्षिक शुल्क वेगळे. बीजपक्वनाचा अनुभव असलेली प्रयोगशाळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी हाताशी असेलच असे नाही. पुणे किंवा मुंबई गाठावी लागू शकते. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बीजे काढण्यासाठी जाऊन परत यायला थोडेच दिवस पुरतात. केमोथेरपी पुढे जवळच्या रुग्णालयातही घेता येते.

कायद्याची चौकटही आता स्पष्ट आहे. सहाय्यभूत प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ मध्ये संमत झाला आणि जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार अशी सेवा केवळ नोंदणीकृत केंद्रांतच देता येते. स्त्रीसाठी वयोमर्यादा २१ ते ५० वर्षे आहे. अविवाहित स्त्रीलाही ही सेवा घेता येते. लेखी संमती बंधनकारक आहे आणि साठवणुकीची कमाल मुदत व्यवहारात दहा वर्षे धरली जाते. एकविसाव्या वर्षाच्या आतील मुलींबाबत कायदेशीर बाजू केंद्राकडून आधीच नीट समजून घ्यावी.

पहिल्या सलाइनच्या आधी

अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ मध्येच मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केली होती. प्रजननक्षम वयातील प्रत्येक रुग्णाशी वंध्यत्वाच्या धोक्याविषयी उपचारांपूर्वी बोलावे, असे तीत सांगितले आहे. आपल्याकडे ही सवय अजून सर्वत्र रुजायची आहे. तोवर रुग्णाने किंवा नातेवाइकांनीच ती चर्चा सुरू करावी. प्रश्न साधे आहेत. या औषधांनी अंडाशयावर किती परिणाम होईल? उपचार किती दिवस पुढे ढकलता येतील, की अजिबात नाही? संप्रेरके देणे सुरक्षित आहे काय? नसेल, तर अपरिपक्व बीजांचा मार्ग कोठे उपलब्ध आहे? अंडाशयातील साठा किती, हे सांगणारी ‘एएमएच’ ही रक्ततपासणी आणि सोनोग्राफी लगेच करता येईल काय? आणि तरुण पुरुष रुग्ण असेल तर प्रश्न आणखी सोपा आहे. शुक्राणू साठवायला एक-दोन दिवस आणि तुलनेने थोडा खर्च पुरतो. तरीही ते न विचारल्यामुळे अनेकांची संधी हुकते.

काही वेळा उत्तर नकारार्थीही येईल. रोग इतका पुढे गेलेला असतो, की एक दिवसही दवडता येत नाही. तेव्हा प्राण वाचवणे हेच पहिले. पण विचारून नाही म्हटले गेले आणि कोणी विचारलेच नाही, यांत फरक आहे. पहिल्या प्रसंगी स्त्री आपल्या नशिबाशी समझोता करू शकते. दुसऱ्यात तिची संधी तिला न कळवताच गेलेली असते.

अपरिपक्व बीजांच्या साठवणुकीने वैद्यकाने थोड्या स्त्रियांसाठी का होईना, एक बंद दार किलकिले केले आहे. ते उघडे असते निदानाचा कागद हाती येण्यापासून पहिली सलाइन लागेपर्यंतच. मंगळवेढ्याहून सोलापूर, बार्शी वा मुंबईच्या वाटेला लागलेल्या प्रत्येक तरुण रुग्णाला ही गोष्ट त्या दिवसांत कोणीतरी सांगितली पाहिजे.